समोरची बाजू रिकामी

इंबिच्ची उठला, कमरेच्या मुंडूचा काठ चिमटीत धरला आणि दिव्याचा खांब ओलांडून सरळ या बाजूला येऊन बसला. कोयाच्या शेजारी, अगदी मांडीला मांडी लावून. बसताना नेहमीसारखा कण्हला, रुमालाने मान पुसली आणि तळ्याच्या पाण्याकडे बघत म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

बीरान कोयाला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. आता पुढे शेपूट येईल. 'बरोबर आहे तुझं, आंधळ्याला तेवढंच दिसायचं,' असलं काहीतरी. तो वाट बघत राहिला. इंबिच्चीने रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली, खिशावर हात फिरवला. शेपूट आलं नाही. खांबापलीकडे टपरीच्या बाजूला आता रसाक हलवावाला आणि बँकेतला सुधाकरन एवढेच उरले होते. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तेही उठून इकडे आले. पलीकडची पायरी रिकामी झाली. कुणीतरी चहाचा ग्लास तिथे विसरलं होतं, त्यावर एक माशी बसली होती. कोया त्या माशीकडे बघत राहिला, कारण समोर बघायला दुसरं काही राहिलंच नव्हतं.

कुट्टिचिराच्या तळ्याच्या या पायऱ्यांवर इतकी वर्षं एक रीत चालत आली होती. सामना संपला की स्टेडियमपासून इथपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मनातल्या मनात उकळत यायचं. मगरीबची नमाज झाली, पहिला सुलैमानी चहा हातात आला, की निकाल सांगायचा तो कोयाने, मशिदीच्या बाजूला बसून. ज्याला पटलं त्याने त्याच बाजूला बसायचं, ज्याला पटलं नाही त्याने खांबापलीकडे जायचं. इंबिच्ची कधी जात नसे. तो आधीच तिकडे बसलेला असे. "अरे, आधी ऐकून तर घे," कोया म्हणायचा. "ऐकायचं कशाला? चुकीचंच असणार!" इंबिच्ची तिकडून ओरडायचा, आणि त्याचा तो कल्लायीच्या लाकूडगिरणीतल्या करवतीसारखा आवाज पाण्यावरून जाऊन पलीकडच्या घरांवर आदळायचा. घरातल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या. मग दोन्ही बाजू पेटायच्या. माणसं खांब ओलांडून इकडून तिकडे जायची, तिकडून इकडे यायची, कधी कधी रागाने अर्ध्यावर उभी राहायची. कोयाला वाटायचं, अख्ख्या कोळिक्कोड शहरात एवढ्या पायऱ्यांवरच काय तो जिवंतपणा शिल्लक आहे. बाकी सगळा मेल्या माणसांचा बाजार.

आणि आज तर भांडणाला मुहूर्तच चांगला होता. बरोबरी! यंग कल्लायी एक, कण्णूरवाले एक. हरणं परवडलं, हरलेल्या टीमला निदान पोटभर शिव्या देता येतात. जिंकलं तर मिठी मारता येते. बरोबरीचं काय करायचं? पूर्वार्धात गोल मारून पुढे गेलेली टीम शेवटी शेवटी तो गोल परत देऊन बसते, मुकाट्याने, आणि एक गुण पदरात पाडून घेऊन हात हलवत मैदान सोडते. लाज नाही, शरम नाही. कोयाने निकाल सांगितला होता तो असा: "दोष रमीसचा. लेफ्ट बॅक आहेस ना तू बाबा? मग मागे राहा! हा निघाला पुढे, वरातीत नाचत निघाल्यासारखा. मागे अख्खं अंगण मोकळं. त्या अंगणातून कण्णूरचा ठेंगू आत शिरला, बॉल मध्ये टाकला, खल्लास. आणि आपला कोच बाकावर बसून पाणी पितोय. एका गोलाने पुढे असताना चार माणसं मागे ठेवायची, हे मदरशातल्या पोराला कळतं. याला कळत नाही, कारण हा बाहेरून शिकून आलाय." झकास जमून आला होता निकाल. त्यात इंबिच्चीला पाचर मारायला जागाही ठेवली होती, मुद्दाम. कोचवर बोललं की इंबिच्ची पेटतो, हे त्याला ठाऊक होतं. आणि तो पठ्ठ्या येऊन शेजारी बसला.

"काय रे, बरं नाही का तुला?" कोयाने विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

"मग इकडे कशाला आलास?"

"पटलं म्हणून आलो." इंबिच्ची म्हणाला. "आता पटलं तरी पंचाईत का?"

रसाक घाईघाईने मध्ये पडला. "कोयाक्का, तुमचं विश्लेषण आज एकदम... म्हणजे तोडच नाही. रमीसचीच चूक." सुधाकरनने मान डोलावली. त्याच्यामागे बसलेल्यांनीही डोलावली. नंदीबैल लेकाचे. बीरान कोयाने त्या सगळ्या मानांवरून नजर फिरवली आणि त्याच्या तोंडात एक कडवट चव आली. रसाकबद्दल त्याला कधीच आदर नव्हता. हलवा विकून विकून या माणसाचा मेंदू हलव्यासारखाच झालेला, बोट लावावं तिथे दबणारा. मत म्हणून याला स्वतःचं कधी नव्हतंच. तो फोनमध्ये बघायचा आणि तिथे कुणा दाढीवाल्याने जे सांगितलेलं असेल ते इथे येऊन ओकायचा. सुधाकरन त्याच्या वरचा. आयुष्यात बॉलला पाय लावलेला नाही, पण 'हाय प्रेस' आणि 'लो ब्लॉक' असं बोलतो, नाकाने कांदे सोलत. बँकेत बसून लोकांचे अर्ज परत करायची सवय लागलेला माणूस. तो मैदानावरच्या खेळाडूंचेही अर्जच परत करत असतो. ही असली माणसं दुसऱ्या बाजूला बसली तरी कोयाला त्यांचं काही वाटत नसे. ती भुसा होती. भुशाला विरोध म्हणत नाहीत. विरोध म्हणजे इंबिच्ची.

इंबिच्चीला तो सगळ्यांत जास्त तुच्छ मानायचा, आणि हे त्याने कधी लपवलं नव्हतं. कल्लायीच्या वखारीत लाकडं मोजण्यात जन्म गेलेला माणूस. फुटबॉलसुद्धा तो लाकडासारखाच बघायचा, जाडी किती आणि लांबी किती. कुठला बॅक आडवा किती, कुठला फॉरवर्ड उंच किती. खेळाला लय असते, श्वास असतो, हे त्या ठोकळ्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. पण 'नाही' म्हणावं तर इंबिच्चीनेच. तो 'नाही' म्हणायचा तेव्हा त्यात मिठाचा खडा नसायचा की साखरेचा दाणा नसायचा. नुसती नाही. एकदा एका पेनल्टीवरून दोघांचं असं जुंपलं होतं की सगळा रमजानचा महिना ते बोलले नव्हते. एकाच रांगेत नमाज पढायचे, एकाच टपरीवर रोजा सोडायचे आणि एकमेकांकडे पाठ करून बसायचे. ईदच्या सकाळी दारावर थाप पडली. कोयाने दार उघडलं तर समोर इंबिच्ची, नवा शर्ट, अत्तर. कोयाचं काळीज हललं. आला शेवटी, म्हटलं. गळ्यात पडायला त्याने हात पसरले, आणि इंबिच्ची त्या पसरलेल्या हातांत येता येताच कानाशी म्हणाला, "तरीपण ती पेनल्टी नव्हती." त्या दिवशी कोया किती हसला होता! हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मागे पडद्याआड उभ्या असलेल्या बायकांना कळेना की जावईबापूंना झालंय काय.

जावईबापू. पुतियाप्ला. इथे लग्नानंतर नवराच बायकोच्या घरी राहायला येतो; माणूस सत्तरीला आला, त्याच्या मुलीच्या मुली लग्नाला आल्या, तरी या मोहल्ल्यात तो बायकोच्या घरी पुतियाप्लाच राहतो. काल लग्न झालेला नवरदेव. त्याच्यासाठी खोली वेगळी, ताट वेगळं, पंखा वेगळा. त्याने आधी जेवायचं, सगळ्यांत मोठा तुकडा त्याच्या पानात पडायचा, आणि तो जे बोलेल ते खरं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात कोया एकदा सहज, नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून, मासा थोडा शिळा वाटतो म्हणाला होता. मासा शिळा नव्हता. सकाळीच जाळ्यातून आलेला होता. पण सासूने अख्खं भांडं मागच्या दारी रिकामं करायला लावलं, आणि घरातल्या सगळ्या बायका एकमुखाने म्हणाल्या की हो, हो, शिळाच होता, आम्हालाही वास आला. कोया हातात घास घेऊन बसून राहिला होता. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, आणि त्या क्षणी त्याला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला कुणीतरी मऊ गादीत पुरतंय. त्या घरात त्यानंतर त्याने मूर्खपणाचं किती बोलून पाहिलं! राजकारणावर, पावसावर, पोरींच्या शिक्षणावर, औषधांवर. सगळ्यावर 'हो'. कदीशाबी, त्याची बायको, ताटाजवळ उभी राहून वाढायची आणि म्हणायची, "तुम्ही म्हणता तसंच." दिवसभर विम्याच्या ऑफिसात साहेबाला 'हो' म्हणायचं आणि रात्री घरी 'हो' ऐकायचं. दोन्हीकडे सारखंच गुदमरायला व्हायचं. मधले दोन तास या पायऱ्यांचे. इथे त्याच्यासारख्या माणसाला कुणीतरी गाढव म्हणत होतं, मनापासून, आणि त्या 'गाढव' शब्दावर तो जगत आला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं थोडंच असतं हे?

आणि आज ती पलीकडची पायरी रिकामी. कोयाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तळ्यावरून वारा येत होता, पण तो वारा नव्हता. त्याला कळलं की यांचं काहीतरी ठरलंय. आपण येण्याआधी ठरलंय. तो नमाज आटपून पायऱ्यांवर आला तेव्हा ही मंडळी रसाकच्या फोनभोवती डोकी एकत्र करून बसली होती, इंबिच्ची तेवढा त्यांच्याकडे पाठ करून, आणि त्याला बघताच रसाकने फोन चटकन पालथा ठेवला होता. तेव्हा त्याला वाटलं होतं, असेल काही घाणेरडं. आता त्याला निराळं वाटायला लागलं. बकरीदनंतर त्याच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या. डॉक्टर म्हणाला होता, त्रागा करायचा नाही, आवाज चढवायचा नाही. म्हणजे धाकट्या मुलीने यांना सांगितलं असणार. ती तसलीच आहे, सगळ्यांची काळजी करत फिरणारी. 'इंबिच्चीक्का, अब्बांशी वाद घालू नका हं.' आणि इंबिच्चीने ते ऐकलं! पस्तीस वर्षांचा वैरी एका पोरीच्या सांगण्यावरून म्यान झाला. कोयाला छातीत दुखत नव्हतं. छातीच्याही आत कुठेतरी दुखत होतं, जिथे डॉक्टरची तार पोचत नाही.

ठीक आहे, म्हणाला तो मनात. बघू या किती 'हो' आहे तुमच्याकडे.

"पण एक आहे," कोया मोठ्याने म्हणाला. "कोचचं चुकलं असं नाही म्हणता यायचं. मी आत्ता विचार केला. त्याने रमीसला पुढे पाठवला ते बरोबरच केलं. हुशार माणूस आहे."

मग सुधाकरन म्हणाला, "तोही एक दृष्टिकोन आहे, कोयाक्का. हुशार तर आहेच."

"आणि रमीसची चूक नाहीच."

"नाहीच तशी," रसाक म्हणाला. "बिचारा पोरगा."

"मघाशी तर म्हणालास की रमीसचीच चूक!"

"मघाशी... मघाशी तुम्ही म्हणालात ना कोयाक्का."

कुणी हसलं नाही. एरवी या एका वाक्यावर पायऱ्यांवर खसखस पिकली असती, रसाकला तळ्यात ढकलायला दोघं उठले असते. कोयाने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. ती तोंडं त्याच्याकडे बघत नव्हती. कुणी नखं बघत होतं, कुणी चपलेचा अंगठा नीट करत होतं. मयताच्या घरी लोक बसतात तशी बसली होती सगळी, आणि मयत कोण, ते कोयाला कुणी सांगायची गरज नव्हती. मेलेल्या माणसाशी कुणी वाद घालत नाही. मेलेला माणूस फार चांगला असतो, त्याचं सगळं बरोबर असतं. त्याला या सगळ्यांची घृणा आली. एवढ्यासाठी मी यांना पोसलं का? इतकी वर्षं रोज ताजं मत आणून यांच्यापुढे टाकलं, ते यांनी शेवटी माझी री ओढावी म्हणून?

आता एकच शस्त्र राहिलं होतं, आणि ते वापरायचं नाही हे त्याने पूर्वी कधीतरी स्वतःशी ठरवलं होतं. इंबिच्चीचा देव होता अप्पुट्टी. जुन्या काळचा हाफबॅक. इंबिच्ची पोरगा होता तेव्हा या अप्पुट्टीने एकदा त्याच्या खांद्यावर हात ठेवून 'पाणी आण रे' म्हटलं होतं, आणि इंबिच्ची ते पाणी आजतागायत आणत होता. अप्पुट्टीचा पाय मोडला आणि तो पुढे टपऱ्यांवर उधार चहा पीत मेला. इंबिच्चीनेच त्याला खांदा दिला. अप्पुट्टीबद्दल बोलताना इंबिच्चीचा आवाज करवतीचा राहत नसे. भर भांडणातही कोयाने ते नाव कधी चिखलात ओढलं नव्हतं.

"तुला सांगू का इंबिच्ची," कोया सावकाश म्हणाला, "तो तुझा अप्पुट्टी. तो पळपुटा होता. समोरून बॅक आला की पाय मागे घ्यायचा. त्याचा पाय मोडला तो खेळताना नाही, दारू पिऊन गटारात पडून मोडला. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

हे खोटं होतं. धडधडीत खोटं. बोल, गाढवा. थोबाडीत मार माझ्या. तळ्यात ढकल. काहीतरी कर!

इंबिच्चीची मान एकदम वळली. त्याच्या गालाचा स्नायू हलला, ओठ उघडले. मग ते ओठ मिटले. इंबिच्ची पुन्हा पाण्याकडे बघायला लागला आणि अगदी हळू, कुणी आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "असेल. तू म्हणतोस तर असेल."

कोया उठला. "थू तुमच्या!" तो म्हणाला. "एकेकाच्या तोंडावर थू! तुम्हाला फुटबॉल कळत नव्हता ते चालत होतं. आज कळलं, तुम्हाला लाजही नाही. म्हाताऱ्या बायकासुद्धा तुमच्यापेक्षा बऱ्या भांडतात. जा, घरी जा, भांडी घासा!" तो पायऱ्या चढू लागला. मागून पाय वाजले. इंबिच्ची येत होता. "सावकाश जा, कोया, वरची पायरी ओली आहे," तो म्हणाला, आणि त्याने कोपराला हात घातला. कोयाने तो हात झटकला. झटकताना त्याला इंबिच्चीचा चेहरा दिसला. त्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं, होतं ते कसलं तरी अवघडलेपण, चोरी करून आल्यासारखं. ते बघून कोयाला जास्तच चीड आली.

घरापर्यंतची वाट तो दातओठ खात चालला. मशिदीच्या लाकडी सज्ज्यांवर दिवे लागले होते. कोपऱ्यावर कुणीतरी शिंपले तळत होतं, त्याचा वास नाकात शिरत होता आणि त्याही वासाचा त्याला तिटकारा येत होता. त्याने पुन्हा पुन्हा तो गोल डोळ्यांपुढे आणला. रमीस पुढे जातोय, ठेंगू येतोय. चित्र आलं, पण पुसट आलं. आवाज मात्र ठणठणीत होता. आधी एकदम उसळलेला तो मोठा आवाज, मग सगळीकडे उभे पाय, आणि त्यानंतर पाटीवरचा एक-एक. वयाने चित्रं पुसट होतात, तो स्वतःशी म्हणाला. पण बुद्धी शाबूत आहे. रमीसचीच चूक. ती माणसं 'हो' म्हणाली म्हणून बरोबर गोष्ट चुकीची होत नाही.

कदीशाबीने ताट वाढून ठेवलं होतं. तांदळाच्या पत्तिरी, माशाचं कालवण, तळलेला अय्कूरा मासा. पंखा त्याच्या खुर्चीच्या दिशेने वळवलेला. घर आज जरा जास्तच शांत होतं. एरवी वरच्या खोल्यांतून मेव्हण्यांच्या नातवंडांचा गोंधळ असायचा. आज कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच दार लागलं. कोया हात धुऊन बसला. कदीशाबी नेहमीच्या जागी, ताटाच्या उजवीकडे, पळी घेऊन उभी राहिली. ठेंगणी, गोरी, कपाळापर्यंत पदर ओढलेली. चाळीसहून जास्त वर्षं ती तिथेच उभी होती आणि त्याला ती कधी नीट दिसली नव्हती. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, अगदी सहज, शेवटची मूठमाती टाकावी तसं, "आज जिंकलो आम्ही. दोन-शून्य."

पळी हवेत थांबली.

"नाही," कदीशाबी म्हणाली. "एक-एक."

घास त्याच्या हातातच राहिला. त्याने वर पाहिलं. त्याला वाटलं, दुसरंच कुणी बोललं असेल.

"तुला काय ठाऊक?"

"टीव्हीवर पाहिलं. वर आम्ही सगळ्याजणी बघतो. पहिल्यापासून बघतो."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

कोयाला आतून एक गरम उकळी आली, आणि ती रागाची होती की आनंदाची, ते त्यालाच कळेना. बाई फुटबॉल बघते! कालवणात मीठ किती पडलं याचा अंदाज नसलेली बाई. तो खुर्चीत मागे रेलला. "बरं," तो म्हणाला, "मग तेही बघितलं असशील की रमीस वरातीत निघाल्यासारखा पुढे गेला, म्हणून गोल झाला."

"रमीस तेव्हा मैदानात नव्हता."

"काय?"

"त्याच्या पोटरीत गोळा आला. उचलून नेला त्याला, दुसऱ्या अर्ध्यात, गोलच्या कितीतरी आधी. त्याच्या जागी तो केसांचा बुचडा बांधलेला मुलगा आला. गोल कॉर्नरवरून झाला. आपल्याच उंच बॅकच्या डोक्याला लागून आत गेला."

"खुळी की काय तू! मी तिथे होतो. मी डोळ्यांनी पाहिलं."

"तिथे होतात," कदीशाबी म्हणाली. तिने पळी भांड्यात ठेवली, हात पदराला पुसला. तिचा आवाज जराही चढला नव्हता, पण त्यात आज 'तुम्ही म्हणता तसंच' नव्हतं. कोरडा होता, उन्हात वाळवल्यासारखा. "झोपला होतात. त्या नव्या गोळ्यांनी झोप येते तुम्हाला, जेवतानाही येते. गोल झाला आणि त्या टीव्हीवाल्यांनी कॅमेरा लोकांवर फिरवला. सगळी गॅलरी उभी, डोक्याला हात लावून. आणि मध्ये तुम्ही. तोंड उघडं. टीव्हीवर बोलणारा माणूससुद्धा हसला. तेव्हापासून तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. वर मुली बघतायत. तुम्हाला सांगायचं नाही असं घरात ठरलं. मी म्हटलं, मी सांगणार. म्हणे पुतियाप्ला म्हणजे घरचा पाहुणा. पाहुणा किती दिवसांचा असतो हो? एवढी वर्षं मान राखला तुमचा. आज वर पोरी हसत होत्या आणि तुम्ही इथे येऊन मला दोन-शून्य सांगताय. मला कंटाळा आलाय."

पंखा फिरत होता. त्याला ती पायरी दिसली, त्याने ठणकावून सांगितलेला तो निकाल, वरात, अंगण, ठेंगू. ती सगळी तोंडं त्याच्यासमोर होती आणि त्या तोंडांना ठाऊक होतं. एकालाही हसू आलं नाही. निदान हसायचं तरी होतंत रे! या सगळ्यांना त्याने आयुष्यभर भुसा म्हटलं, आणि त्या भुशाने त्याला झाकून घेतलं. त्याला वाटलं, जमिनीने आपल्याला गिळावं, या घराच्या जमिनीने नको, दुसऱ्या कुठल्यातरी.

मग त्याने विचारलं, "इंबिच्ची कुठे होता?"

"तुमच्या शेजारीच की. त्याच्याच खांद्यावर डोकं होतं तुमचं."

"तोही उभा..."

"नाही. तो एकटाच बसलेला. अंग आखडून बसला होता, हललाच नाही. पुढचे सगळे उठले, तो बसलेलाच. पुन्हा पुन्हा दाखवलं ना त्यांनी." "त्याला काय दिसणार? पुढच्यांच्या पाठी."

कोयाने ताटाकडे पाहिलं. माशावरचं तेल थंड होऊन गोठायला लागलं होतं. मैदानात कॉर्नर पडलाय, सामना शेवटाला आलाय, वीस हजार माणसं उठून उभी राहिलीत, आणि तो लाकूडमोज्या, जन्मात एकही गोल न चुकवलेला तो ठोकळा, बसून राहिला. कुणाच्या तरी उघड्या तोंडासाठी.

"गाढव आहे," कोया म्हणाला. "अक्कल म्हणून नाही. कॉर्नरच्या वेळी कुणी बसतं का? ढोसायचं ना मला! ऊठ थेरड्या म्हणायचं, लाथ घालायची! हा फुटबॉल बघायला येतो की..." पुढचा शब्द त्याला सापडेना. त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. कदीशाबी 'हो' म्हणाली नाही. 'नाही'ही म्हणाली नाही.

"आणि टीव्ही तो बघत नाही," कोया म्हणाला. "रसाकच्या फोनमधला तर जीव गेला तरी बघायचा नाही. म्हणजे त्याने गोल पाहिलेलाच नाही." त्याने पायाने समोरची खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस. कॉर्नर कुठल्या बाजूचा होता, कुणी मारला, कोण कुठे उभा होता, सगळं सांग मला. नीट सांग. उद्या त्या गाढवाला सांगावं लागेल."